हावभावांना गुण कशाला?

जानेवारी सुरू झाला की शाळांमध्ये भाषणांचा हंगाम लागतो. ३ तारखेला सावित्रीबाई, १२ला जिजाऊ, मग प्रजासत्ताक दिन, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. मधल्या फटीत स्नेहसंमेलन आणि तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा. या हंगामाबरोबर मोबाइलवर एक वादही दरवर्षी उगवतो. सहा-सात वर्षांचं एखादं पोर डोळे वटारून, मूठ आवळून, पाय आपटून महाराजांवर बोलतं. त्या व्हिडिओखाली निम्मे लोक ‘काय आत्मविश्वास आहे!’ म्हणून कौतुकाचा पाऊस पाडतात, उरलेले ‘ही निव्वळ पोपटपंची’ म्हणून नाक मुरडतात. पहिला गट लगेच सांगतो की संवादात शब्दांचा वाटा अवघा सात टक्के, बाकी सगळी देहबोलीच. दुसरा गट म्हणतो, विचारात दम असेल तर वक्ता हात बांधून उभा राहिला तरी बिघडत नाही. दोघंही चुकीच्या जागी भांडताहेत असं माझं मत आहे. वक्त्याचं शरीर महत्त्वाचं आहे, फार महत्त्वाचं आहे. आणि म्हणूनच वक्तृत्व स्पर्धांच्या गुणपत्रिकेतला ‘हावभाव’ हा रकाना खोडून टाकायला हवा.

आधी त्या सात टक्क्यांचं पाहू, कारण व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक शिबिरात तो आकडा फळ्यावर लिहिला जातो. तो आला अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांमधून. त्यात भाषणं नव्हतीच. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, एका प्रयोगात त्यांच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती, आणि ऐकणाऱ्यांना विचारलं होतं एवढंच की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड. शब्द एक सांगतोय आणि स्वर किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो, असा तो प्रश्न. शब्दांना सात टक्के, स्वराला अडतीस, चेहऱ्याला पंचावन्न हे आकडे तिथले. भावना आणि आवडीनिवडीपलीकडे ते लावू नका, हे खुद्द मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. पण एवढं खोलात जायचीही गरज नाही. संवाद खरोखर त्र्याण्णव टक्के शब्दांविना होत असता, तर तमीळचं एक अक्षर न कळणाऱ्या कोल्हापूरकराला चेन्नईतलं अर्थसंकल्पावरचं भाषण जवळजवळ सगळं समजायला नको का?

दुसरा लाडका दाखला ‘विजयी पवित्र्या’चा. हातपाय ऐसपैस पसरलेल्या पवित्र्यात दोन मिनिटं राहिलं की शरीरातली संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात आणि माणूस धीट होतो, असं २०१० साली ४२ जणांवर केलेल्या एका अमेरिकी प्रयोगातून मांडलं गेलं आणि जगभर गाजलं. २०१५ साली २०० जणांवर तसाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा संप्रेरकांवरचा परिणाम सापडला नाही. मूळ प्रयोगाच्या लेखकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीरपणे लिहिलं. तशा पवित्र्यात एखाद्याला बरं वाटत असेल तर त्यानं खुशाल राहावं. फक्त विज्ञानाची साक्ष काढू नये.

हे दोन दाखले पडले म्हणून हावभाववाल्यांची बाजू संपत नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्याकडे याहून भक्कम साक्षीदार आहेत. वक्तृत्वात सर्वांत महत्त्वाचं काय, असं विचारल्यावर प्राचीन अथेन्सच्या डेमॉस्थेनिस या वक्त्यानं ‘सादरीकरण’ असं उत्तर दिलं, दुसरं काय? सादरीकरण. तिसरं? तेच. सिसेरोपासून सगळे रोमन हा किस्सा सांगत आले. आपल्याकडे नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यात वाचिकाच्या म्हणजे वाणीच्या जोडीला आंगिक म्हणजे शरीराचा अभिनयही आहे. जिथे हात तिथे दृष्टी, दृष्टी तिथे मन, मन तिथे भाव आणि भाव तिथे रस, हे नृत्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ असतं. शरीर घडवावं लागतं, ते आपोआप बोलत नाही, असंच हे सगळे सांगताहेत ना?

सांगताहेत, पण काय घडवायचं ते नीट वाचायला हवं. डेमॉस्थेनिसबद्दलच्या जुन्या कथा पाहा. तोंडात खडे ठेवून तो बोलायचा, कशासाठी? जीभ अडखळायची म्हणून. बोलताना खांदा उडवायची त्याला सवय होती, तर म्हणे सराव करताना त्यानं खांद्यावर टोकदार शस्त्र टांगून घेतलं; खांदा उडाला की टोचलंच. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातली शिकवण सरळ आहे. त्यानं अंगात नवे हातवारे भरले नाहीत, नको असलेली हालचाल काढून टाकली. आणि नाट्यशास्त्र नटासाठी आहे. नट दुसऱ्याचा भाव स्वतःच्या अंगावर आणतो, म्हणून त्याचा प्रवास हातापासून मनाकडे जाऊ शकतो. वक्त्यानं तर स्वतःचंच म्हणणं मांडायचं असतं. त्याचा प्रवास उलटा, मनापासून हाताकडे. नृत्याचा नियम उचलून सातवीतल्या मुलाच्या ‘पाणी वाचवा’ या भाषणाला लावला की काय होतं, ते आपण दरवर्षी पाहतोच. ‘आकाश’ म्हटलं की हात वर. ‘माती’ म्हटलं की हात खाली. ‘माझ्या हृदयात’ म्हटलं की तळवा छातीवर, बहुधा उजव्या बाजूला. ‘शत्रू’ म्हटलं की बोट पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापकांकडे.

याला रोमन शिक्षक क्विंटिलियननं पहिल्या शतकातच हरकत घेतली होती. हाताच्या हालचालींवर त्याच्याइतकं बारकाईनं क्वचितच कुणी लिहिलं असेल. बोटं कशी जुळवावीत, हात कुठवर न्यावा, सगळं त्यानं नोंदवलं. म्हणजे तो देहबोलीचा शत्रू नव्हता. तरी त्याचं म्हणणं असं की आजाऱ्याचा उल्लेख आला म्हणून वैद्यासारखी नाडी पाहून दाखवू नका, वादकाचा आला म्हणून तारा छेडून दाखवू नका. वक्ता नर्तकापासून जितका दूर तितका बरा, आणि हात शब्दांमागे न जाता आशयामागे जावा. आपल्या गुणपत्रिकेतला रकाना नेमका याच्या उलट गोष्टीला गुण देतो. शब्दागणिक हात हलला की परीक्षकाला दिसतो, मोजता येतो. आशयामागे गेलेला हात इतका स्वाभाविक असतो की तो लक्षातच येत नाही. जे लक्षात येत नाही त्याला गुण कसे देणार? म्हणून रकाना जोवर आहे तोवर शिक्षक दिसणारे हातवारेच बसवणार. त्यांना तरी दोष का द्यावा?

बसवलेला हातवारा खोटा का वाटतो, याचं एक कारण वेळेत आहे. माणूस सहज बोलतो तेव्हा हाताचा मुख्य हेलकावा शब्दाबरोबर किंवा शब्दाच्या किंचित आधी येतो. शब्दानंतर तो क्वचितच येतो. स्पर्धेतल्या मुलाकडे बघा, आधी ‘उंच’ हा शब्द येतो, मग आठवण होते, मग हात वर जातो. अर्ध्या सेकंदाचा फरक, पण सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही तो कळतो. कळतो म्हणजे सांगता येत नाही, फक्त ‘काहीतरी नाटकी आहे’ एवढं जाणवतं. १९९८ साली जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो या संशोधकांनी जन्मांध मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आयुष्यात कुणाचा हातवारा पाहिलेला नाही अशी ती मुलं बोलताना हात हलवत होती, आणि समोर ऐकणाराही अंध आहे हे ठाऊक असतानाही हलवत होती. म्हणजे हात केवळ पाहणाऱ्यासाठी हलत नाही. विचार करता करता तो हलतो. आता ज्या मुलाला विचार करायला काही ठेवलेलंच नाही, कारण भाषण बाईंनी लिहून दिलंय, बाबांनी पाठ करून घेतलंय आणि क्लासच्या सरांनी बसवून घेतलंय, त्याचा हात कशाच्या जोरावर हलावा?

हा वाद नवा नाही, आणि तो एकदा पुरा लढवून झालेला आहे. १८०६ साली गिल्बर्ट ऑस्टिन या आयरिश धर्मोपदेशकानं वक्त्याभोवती एक काल्पनिक गोल कल्पून त्यावर हाताची प्रत्येक जागा चिन्हांनी नोंदवण्याची पद्धत काढली. कवितेच्या ओळीवर अक्षरं लिहायची: इथे उजवा हात आडवा, इथे डावा खाली, इथे पाऊल मागे. इंग्रजी जगात शंभर वर्षं वक्तृत्वाचे वर्ग या धाटणीवर चालले. १८२८मध्ये इंग्रज लेखक रिचर्ड व्हेटली यांनी त्यावर घेतलेला आक्षेप आजही तसाच लागू पडतो: वक्त्याचं लक्ष स्वतःच्या आवाजाकडे आणि हाताकडे वळवलं की ते विषयावरून उडतं, आणि श्रोत्याला ते लगेच कळतं. ऑस्टिनची चिन्हं आज अभ्यासकांखेरीज कुणाला ठाऊक नाहीत. आणि बसवलेले हातवारे प्रभावी ठरलेच तर काय, याचंही एक उदाहरण विसाव्या शतकात आहे. छायाचित्रकार हाइनरिश हॉफमननं स्टुडिओत हिटलरचे हातवारे करतानाचे फोटो काढले. ते पाहून कोणती मुद्रा ठेवायची, कोणती टाकायची हे हिटलर ठरवायचा. फोटो नष्ट करायला त्यानं सांगितलं होतं, हॉफमननं ते जपून ठेवले म्हणून आपल्याला माहीत. या एका उदाहरणावरून सगळा सराव वाईट ठरत नाही, तसं म्हणणं बालिश होईल. पण विचारांपासून सुटलेल्या हातवाऱ्यावर टाळ्या वाजवायची सवय लहानपणापासून श्रोत्यांना लावावी का, एवढं विचारायला हरकत नसावी.

आता ज्या आक्षेपापुढे मला खरोखर थांबावं लागतं तो. एक अनुभवी शिक्षिका मला म्हणाल्या, ‘तुमच्या घरात चार माणसांसमोर बोलायची रीत असेल, म्हणून तुम्हाला बसवलेलं भाषण नाटकी वाटतं. आमच्याकडे वाडीवरून येणाऱ्या पोरीला स्टेजवर हातांचं काय करायचं तेच कळत नाही. ती ओढणीचं टोक पिळत राहते. तिला चार हातवारे दिले की निदान उभी राहते. कुबडी म्हणा हवं तर, पण आधी चालू तर दे तिला.’ यात तथ्य आहे. सहजता ही बऱ्याचदा वारशानं मिळते. ज्यांना ती मिळाली त्यांनी ‘सहज बोला’ असा उपदेश करणं सोपं असतं. पहिल्यांदाच माइकसमोर येणाऱ्या मुलीच्या हातांना काम हवं, हे मी मान्य करतो.

पण स्पर्धेत त्या कुबडीलाच बक्षीस मिळतं, म्हणून ती कधी सुटत नाही. हीच मुलगी पुढे महाविद्यालयात जाते, ग्रामसभेत बोलायला उठते, नोकरीच्या मुलाखतीला बसते. तिथे कुणी दिलेला मजकूर नसतो, मध्येच प्रश्न येतो, आणि चार हातवारे पहिल्याच प्रश्नाला गळून पडतात. ज्या पोराच्या घरी बोलायची रीत आहे ते तेव्हाही निभावून नेतं. म्हणजे ज्यांच्यासाठी म्हणून कुबडी दिली, अडचणीत तेच येतात. शिवाय बसवून घेण्यासाठी क्लास लावणं, आरशासमोर महिनाभर तालीम करणं, भगवा फेटा नि नऊवारी भाड्यानं आणणं कुणाला परवडतं? हावभावाच्या रकान्यात वाडीवरच्या मुलीपेक्षा शहरातलं तयार करून आणलेलं पोरच जास्त गुण घेऊन जातं. त्या मुलीच्या हातांना काम द्यायचं तर खरं काम द्या: ज्या विहिरीवर ती बोलणार आहे तिचा तिनं काढलेला नकाशा दाखवू दे, मातीचं ढेकूळ दाखवू दे, बियाणं दाखवू दे. वस्तू हातात असली की हात शहाण्यासारखे वागतात.

दुसऱ्या गटाकडे वळतो. ‘विचार महत्त्वाचा, शरीर गौण’ हे ऐकायला सोज्वळ वाटतं, पण खरं नाही. २५ नोव्हेंबर १९४९चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण आज आपण वाचतो तेव्हा त्यांचा हात कुठे होता हे कुणी विचारत नाही, असं ही मंडळी सांगतात. बरोबर, कारण आपण ते वाचतो. समोर बसून ऐकणाऱ्याला डोळे असतात. कागदात डोकं खुपसून, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत, श्रोत्यांकडे एकदाही न बघता चांगला निबंध वाचणारा प्राध्यापक आपण सगळ्यांनी सोसलेला आहे. १९६०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या केनेडी–निक्सन वादचर्चेचा दाखला इथे नेहमी दिला जातो, की रेडिओवर निक्सन जिंकले आणि टीव्हीवर केनेडी. तो दावा मुख्यतः एकाच पाहणीवर उभा आहे आणि तिच्यात रेडिओवर ऐकणारे फार थोडे होते, म्हणून मी त्याच्यावर भार टाकत नाही. आपल्या मातीतले दोन दाखले पुरे आहेत.

१८ ऑक्टोबर २०१९ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलत राहिले. वय ७८. राजकीय मतं बाजूला ठेवून त्या प्रसंगाकडे पाहा. लक्षात राहिलं ते भिजणं, पण त्या भाषणात त्यांनी लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाल्याचीही कबुली दिली होती. चुकलो म्हणणारा माणूस छत्रीखाली उभा राहून ते म्हणाला असता तर? तिथे शरीर आणि वाक्य एकच गोष्ट सांगत होती. म्हणून ते पोहोचलं, आणि म्हणूनच त्याची नक्कल होत नाही. पावसात भाषण करणं हा पुढे नुसता विनोदाचा विषय झाला. दुसरा दाखला गाडगेबाबांचा. गावात यायचं, दिवसभर खराट्यानं रस्ते झाडायचे, आणि रात्री कीर्तनाला उभं राहून त्याच गावकऱ्यांना प्रश्न विचारत सुटायचं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात गाडगं. रात्री त्यांचा हात कसा हलत होता याला काय महत्त्व? तो हात दिवसभर काय करत होता हे समोरच्यांनी पाहिलेलं असायचं. वक्त्याच्या देहबोलीचा मोठा भाग व्यासपीठावर चढण्याआधीच घडून गेलेला असतो, आणि त्याला परीक्षकाच्या कागदावर जागाच नाही.

मग शाळेनं शिकवायचं काय? थोडंच, पण ते नेटानं. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहणं. बोलायला सुरुवात करण्याआधी एक श्वास घेणं आणि सगळ्यांकडे एकदा बघणं. एक वाक्य एका माणसाकडे बघून पुरं करणं. नजर पंख्यासारखी फिरवत ठेवायची नाही. मुद्दा सांगून झाल्यावर गप्प बसता येणं, जे सगळ्यात अवघड आहे, कारण दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला दोन मिनिटांची वाटते. अटलबिहारी वाजपेयींची भाषणं ज्यांनी ऐकली त्यांना ते किती वेळ थांबायचे हे आठवत असेल. त्यांचा हात फिरायचा तो त्या थांबण्याच्या जोरावर. आणि एक अगदी साधं काम, जे शाळा करत नाहीत: माइक खाली घ्या. प्रमुख पाहुण्यांच्या उंचीला लावलेल्या पोडियममागे चौथीतलं मूल उभं करायचं, श्रोत्यांना त्याचा भांग तेवढा दिसणार, आणि मग हावभावाला गुण द्यायचे, हा आपल्या शैक्षणिक व्यवस्थेतला एक निखळ विनोद आहे.

रकाना खोडण्यामागे न्यायाचाही मुद्दा आहे. व्हीलचेअरवर बसून बोलणाऱ्या मुलाला, हात न उचलता येणाऱ्या मुलीला या रकान्यात काय द्यायचं? दया म्हणून अर्धे गुण? स्टीफन हॉकिंग यांची जाहीर व्याख्यानं यंत्राच्या एकसुरी आवाजात व्हायची, शरीर जवळजवळ निश्चल असायचं, आणि सभागृहं भरलेली असायची. मुलींचं आणखी वेगळं. घरीदारी ‘हात हलवून बोलू नको, आवाज चढवू नको’ असं ऐकत वाढलेली मुलगी मंचावर आली की तिला सांगायचं, आवेश कमी पडला. आणि आवेशानं बोलली तर खाली कुजबुज, जरा जास्तच आहे नाही? मुलगा आणि मुलगी सारख्याच जोरात मूठ आपटतात तेव्हा परीक्षकाच्या मनात दोन वेगळे आकडे उमटतात, हे परीक्षकांच्या खोलीत बसलेल्या कुणीही प्रामाणिकपणे कबूल करील.

त्या रकान्याचे दहा-वीस गुण मग कुठे द्यायचे? प्रश्नोत्तराला. भाषण संपलं की परीक्षकानं एकच प्रश्न विचारायचा, त्याच विषयावरचा, साधा. ‘सावित्रीबाईंवर शेण फेकलं जायचं असं तू म्हणालास. तू त्या रस्त्यावर असतास तर काय केलं असतंस?’ मी हे काही स्पर्धांमध्ये विचारून पाहिलं आहे. आतापर्यंत हवेत असलेले हात एकदम खाली येतात. मूल क्षणभर छताकडे बघतं. मग बोलायला लागतं, अडखळत, स्वतःच्या बोलीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हात पुन्हा हलू लागतात. आता ते कुणी बसवलेले नसतात. काही मुलं गप्पच राहतात, हेही खरं, आणि तेव्हा त्यांना वेळ द्यावा लागतो. आयोजकांची हरकत ठरलेली असते: वेळ पुरत नाही. ४० स्पर्धक असतील तर प्रत्येकी एक मिनिट धरून ४० मिनिटं वाढतात. सत्कार, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी येईपर्यंतची वाट यांत त्याहून जास्त वेळ जातो, आणि त्याबद्दल आजवर एकाही आयोजकानं तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.